कोशर डेलीतलं सँडविच: दुकान शोधण्यापासून शेवटच्या घासापर्यंत

"न्यूयॉर्कला जाऊन कोशर डेलीतलं सँडविच खाल्लं" असं लिहून कुणीतरी फोटो पाठवतं, आणि फोटोत मांसावर चीज वितळलेलं दिसतं. म्हणजे ते कोशर नव्हतं. चवीला छान असेलही, पण कोशर म्हणजे ज्यू आहारनियमांत बसणारं, आणि त्या नियमांत मांस आणि दूध एका ताटात येत नाही, त्यामुळे चीज दिसलं की विषय तिथेच संपला.

याहून मोठी चूक मी स्वतः केली आहे. ठाण्याला आमच्या शेजारी एक बेने इस्राएल (मराठी ज्यू) कुटुंब राहायचं. पुढे ते इस्रायलला, अश्दोदला गेले. मावशी आणि काका आमच्याकडे न्यू जर्सीला आले, तेव्हा मी मोठ्या हौसेनं त्यांना मॅनहॅटनमधल्या एका गाजलेल्या डेलीत, म्हणजे मांसाची सँडविचं मिळणाऱ्या खानावळीत, नेलं. पाटीवर हिब्रू वळणाची अक्षरं, काचेवर दावीदचा तारा, आत लसणाचा आणि मिठवणीचा वास. मावशी उंबऱ्यातच थांबल्या आणि म्हणाल्या, "बाळा, हे शनिवारी उघडं असतं का रे?" मी फुशारकीनं सांगितलं, "सातही दिवस!" मावशी नुसत्या हसल्या. शनिवार म्हणजे ज्यूंचा शब्बाथ, कामबंदीचा दिवस. मी एकट्यानं सँडविच खाल्लं. त्या दोघांनी कागदी पेल्यातून काळा चहा घेतला.

बहुतेकांचा क्रम माझ्यासारखाच चुकतो. आधी "सगळ्यात भारी पास्ट्रामी" (मसाल्यात मुरवून धुरी दिलेलं गोमांस) शोधायची आणि कोशर आहे का ते दारात जाऊन बघायचं. हा क्रम उलटा करा.

## १. सोबत कोण आहे ते आधी ठरवा

दुकानाचं नाव शोधायच्या आधी हा प्रश्न. कारण न्यूयॉर्कमधल्या डेली तीन जातींच्या आहेत आणि तिन्हींच्या पाट्या साधारण सारख्याच दिसतात.

पहिली "कोशर-स्टाइल". पदार्थ ज्यू परंपरेतले, पण नियम पाळलेले नाहीत. ईस्ट ह्यूस्टन स्ट्रीटवरची १८८८ पासूनची काट्झेस डेलिकटेसन याच वर्गातली. तिथली पास्ट्रामी मला फार आवडते, पण तिथे चीज घातलेलं रूबेन सँडविच मिळतं आणि शनिवारीही दार उघडं असतं. लॉस एंजेलिसची लँगर्स आणि माँट्रियलची श्वार्ट्झेस ही दोन्ही मोठी नावंसुद्धा कोशर नाहीत.

दुसरी जात म्हणजे कोशरचा दाखला असलेली, पण शनिवारी सुरू असणारी. १९५४ मध्ये सुरू झालेली सेकंड अॅव्हेन्यू डेली यातली. नावावर जाऊन सेकंड अॅव्हेन्यूवर शोधू नका, मूळ जागा २००६ मध्ये बंद झाली. आता ती ईस्ट ३३व्या रस्त्यावर आणि फर्स्ट अॅव्हेन्यूवर ७५व्या रस्त्याजवळ आहे. ब्रॉन्क्सच्या रिव्हरडेल भागातली लीबमन्सही याच प्रकारची, १९५३ पासूनची. स्वयंपाकघरात दूध नाही, मांस कोशर. पण शब्बाथला व्यवहार चालतो म्हणून काटेकोर ऑर्थोडॉक्स मंडळी इथे जेवत नाहीत.

तिसरी जात शब्बाथ पाळणारी, मांस "ग्लाट", म्हणजे आणखी काटेकोर तपासणीच्या, दर्जाचं. ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्गमधलं गॉटलीब्स हे याचं जुनं उदाहरण. न्यू जर्सीत टीनेकला अशी बरीच खानावळवजा दुकानं आहेत. एडिसनला राहणाऱ्या मराठी माणसाला तर शेजारचं हायलंड पार्क गाठलं तरी पुरतं, तिथे मोठी ऑर्थोडॉक्स वस्ती आहे.

तुम्ही एकटेच चवीसाठी चालला असाल तर दुसरी जात चालेल. सोबत कोशर पाळणारा पाहुणा किंवा ऑफिसातला सहकारी असेल, तर त्यालाच विचारा: "तू कुणाचा दाखला मानतोस?" या प्रश्नाचा राग येत नाही, उलट विचारलं याचं बरं वाटतं.

सावध: पास्ट्रामी, कॉर्न्ड बीफ, ब्रिस्केट, जीभ हे सगळं गोमांस आहे. "कोशर म्हणजे बहुतेक शाकाहारी असेल" या समजुतीनं आलेले काका मी पाहिले आहेत. डुकराचं मांस मात्र खऱ्या कोशर डेलीत कधीच नसतं. कोशर म्हणजे हलाल का? दोन्हींचे नियम वेगळे आहेत. चालेल की नाही हे ज्यानं त्यानं आपल्या घरच्या रीतीप्रमाणे ठरवावं.

## २. दाखला वाचा, सजावट नको

दावीदचा तारा, हिब्रू अक्षरं, शालोम लिहिलेली पाटी, यातलं काहीही पुरावा नाही. "कोशर डिल पिकल" हे शब्दही नाहीत. अमेरिकेत लसूण घातलेल्या मिठवणीतल्या काकडीला सरसकट तसं म्हणतात.

पुरावा म्हणजे गल्ल्याजवळ किंवा दाराच्या काचेवर लावलेला कागद. त्यावर चार गोष्टी बघा: दुकानाचं नाव तेच आहे का, पत्ता याच शाखेचा आहे का, मुदत संपलेली नाही ना, आणि दाखला देणारी संस्था किंवा रब्बाय (ज्यू धर्मगुरू) कोण. न्यूयॉर्क राज्यात २००४ च्या कायद्यानुसार कोशर म्हणून अन्न विकणाऱ्याला आपल्याला दाखला कोण देतं हे जाहीर करावं लागतं, त्यामुळे विचारायला लाजू नका.

डबाबंद मालावर वर्तुळातलं इंग्रजी "यू" हे ऑर्थोडॉक्स युनियनचं चिन्ह सगळ्यात जास्त दिसतं. खानावळींना मात्र पुष्कळदा स्थानिक रब्बायांच्या मंडळाचा दाखला असतो. त्याला "वाद" म्हणतात (आपला वाद नव्हे). टीनेककडे बर्गन काउंटीच्या रब्बाय मंडळाचा, म्हणजे आरसीबीसीचा कागद दिसेल. नुसतं इंग्रजी "के" छापलेलं असेल तर त्यावरून फारसं कळत नाही. एकट्या अक्षराची मालकी कुणाला नोंदवता येत नाही, ते कुणीही छापू शकतं.

तपासा: निघण्याआधी फोन करून दोनच प्रश्न विचारा. "दाखला कुणाचा?" आणि मावशींचा प्रश्न: "शनिवारी उघडं असतं का?" या दोन उत्तरांवरून डेली कुठल्या जातीची ते कळतं.

## ३. वार आणि तिथी बघा

शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताआधी सुरू होतो. मेणबत्त्या लावायची वेळ साधारण सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधीची. डिसेंबरात न्यूयॉर्कला साडेचारलाच अंधारतं, म्हणून तिसऱ्या जातीची दुकानं शुक्रवारी दुपारीच आवरायला लागतात. उन्हाळ्यात शब्बाथ शनिवारी रात्री नऊच्या पुढे संपतो, त्यामुळे शनिवार पूर्ण गेलाच समजा. शुक्रवारी सकाळी दुकान उघडं असतं खरं, पण काउंटरवर शब्बाथच्या जेवणासाठी पार्सल नेणाऱ्यांची झुंबड असते. तिथे पहिल्यांदा जाऊन "हे काय, ते काय" विचारत उभं राहू नये.

सणांचा हिशेब इंग्रजी तारखेनं लागत नाही. ज्यू पंचांग चंद्राचं आहे आणि आपल्या अधिक मासासारखा त्यातही जादा महिना धरतात, म्हणून सण दरवर्षी मागेपुढे सरकतात. तीन काळ सांभाळा:

मार्च-एप्रिलातला पेसाख, आठ दिवस. या काळात पावच चालत नाही. दुकान बंद तरी असतं, नाहीतर ताटात नुसतं मांस येतं.

जुलै-ऑगस्टमधले, तिशा ब'आव या शोकाच्या उपासापर्यंतचे नऊ दिवस. तेव्हा काटेकोर लोक शब्बाथ सोडून मांस खात नाहीत, म्हणून कोशर पाळणाऱ्या पाहुण्याला त्या आठवड्यात डेलीचं आमंत्रण देऊ नका. श्रावण पाळणाऱ्याला मटणाचं आमंत्रण दिल्यासारखं होतं ते.

सप्टेंबर-ऑक्टोबरात रोश हशाना, योम किप्पूर, सुक्कोत असे सण ओळीनं येतात.

दिवसातली वेळ म्हणाल तर दुपारी बारा ते दीड. गर्दी असते, पण गर्दी आहे म्हणूनच वाफेवरचं मांस ताजं असतं. चार वाजता शांतपणे जागा मिळते आणि तासन्‌तास वाफेत पडून पिठूळ झालेला तुकडाही मिळतो.

## ४. काय मागवायचं

इथे जरा वेळ काढतो, कारण पैसे इथेच वाया जातात.

पास्ट्रामी. जनावराच्या पोटाकडचा, चरबीचे थर असलेला भाग बरेच दिवस मसाल्याच्या मिठवणीत मुरवतात, वरून भरड मिरे आणि धने थापतात, धुरी देतात आणि शेवटी वाफवतात. यातली शेवटची पायरी दुकानात होते आणि तिथेच चांगलं-वाईट ठरतं. वाफ कमी पडली तर तुकडा चामड्यासारखा चिवट होतो, जास्त झाली तर भुगा.

कॉर्न्ड बीफ. हा छातीचा भाग, म्हणजे ब्रिस्केट. मिठवणी तशीच, पण धुरी नाही, मिऱ्यांची साल नाही; नुसतं शिजवलेलं. मक्याशी याचा काही संबंध नाही; "कॉर्न" म्हणजे मिठाचा जाड खडा. धुराचा वास आवडत नसेल तर हे घ्या.

कोशर डेलीत हे दोन्ही भाग जनावराच्या पुढच्या अर्ध्यातले असतात. मागच्या अर्ध्यातली मोठी शीर काढल्याशिवाय ते मांस चालत नाही आणि ते काम इतकं किचकट की अमेरिकेत बहुधा तो भाग कोशर बाजारात येतच नाही. त्यामुळे कोशर डेलीत जाऊन मागच्या भागाचं काही मागू नका. जे आहे तेच त्यांना उत्तम जमतं.

आता चरबी. काउंटरवर विचारतात, "लीन की ज्यूसी?" आपली माणसं डॉक्टरची आठवण काढून पटकन "लीन" म्हणतात. माझं मत स्पष्ट आहे: लीन पास्ट्रामी घ्यायची असेल तर घरी बसा. चरबी वितळूनच तो तुकडा मऊ होतो, कोरड्या भागाला ती संधीच नाही. निम्मं खा, पण ज्यूसी खा.

गोमांस खात नसाल तर टर्की. टर्की पास्ट्रामी मिळते, म्हणजे तोच मसाला आणि धुरी टर्कीच्या मांसाला दिलेली. साधी टर्की मागवताना विचारा, अख्खा पक्षी भाजून त्याचं मांस कापता की दाबून केलेली वडी कापता? पहिल्या प्रकारची घ्या. सुरी, फळा आणि यंत्र मात्र गोमांसाचंच असणार, हे मनाला चालतंय का ते आधी ठरवा.

शाकाहारी सोबत असेल तर खरं सांगायचं तर त्याला दुसरीकडे न्या. "पारेव्ह" या शब्दानं फसगत होते. पारेव्ह म्हणजे मांसही नाही आणि दूधही नाही. पण अंडं आणि मासा त्यात बसतात. बटाट्याच्या कनिशच्या (सारण भरून भाजलेल्या पदार्थाच्या) सारणात कोंबडीची चरबी असू शकते, मशरूम-बार्लीचं सूप बहुतेकदा गोमांसाच्या पाण्यावर असतं. प्रत्येक पदार्थ विचारून घ्यावा लागतो.

सावध: कोशर डेलीच्या यादीत "रूबेन" दिसलं तर त्यातलं चीज दुधाचं नसतं, नक्कल असते. मला ती चव मेणासारखी लागते. तुमचं तुम्ही ठरवा.

## ५. काउंटरवर मागताना

वाक्य पाठ करून जा: "पास्ट्रामी ऑन राय, ज्यूसी, हँड-कट, मस्टर्ड." एवढंच. मग हातांकडे बघा.

कापणारा वाफेच्या टाकीतून काळपट गोळा काट्यानं उचलतो, फळ्यावर टाकतो, दोन ठिकाणी काटा टोचून मऊपणा बघतो. मग रेषांच्या आडवं कापतो. काप यंत्राच्या कागदी कापांपेक्षा जाड, साधारण करंगळीच्या निम्म्या जाडीचे. काळ्या मिऱ्यांची कड, आत गुलाबी, मध्ये चरबीची पांढरी रेघ. एक काप उचलून बोटावर आडवा टाकला तर तो दोन्ही बाजूंनी लोंबला पाहिजे. ताठ राहिला तर वाफ कमी पडली. तुटून पडला तर टाकीत फार वेळ राहिला.

काही दुकानांत सगळं यंत्रावरच कापतात. तिथे "जाड काप" एवढं तरी सांगा. सलामी आणि जीभ मात्र पातळच चांगली लागते.

पाव राय हाच. शहाजिऱ्याच्या जातीचे दाणे असलेला, सालीला चकाकी आणि दाताला थोडा प्रतिकार. "टोस्ट करू का?" विचारलं तर नाही म्हणा, कडक पावाच्या कडा टाळूला ओरबाडतात आणि मांस घसरून खाली पडतं. मेयॉनीज मागितलंत तर नियम मोडत नाही, कारण त्यात अंडं आणि तेल असतं, दूध नसतं. पण मागे रांगेत उभ्या असलेल्या आजोबांकडे बघू नका. तपकिरी, दाणेदार मोहरी हीच याची जोडी. चरबीला तीच कापते.

तपासा: एक सँडविच दोघांत पुरतं, मोठ्या डेलीत आत पाव किलोच्या आसपास मांस असतं. पण काही ठिकाणी वाटून खाण्याचा वेगळा आकार लावतात, यादीच्या तळाशी बारीक अक्षरांत बघा. भाव साधारण २५ ते ३० डॉलर. न्यूयॉर्क शहरात त्यावर ८.८७५ टक्के कर, आणि टेबलावर बसून खाल्लंत तर १८ ते २० टक्के टीप. म्हणजे यादीत २८ दिसले तर उठताना ३६ च्या आसपास जातात.

## ६. टेबलावर

आपल्याकडून सगळ्यात जास्त घडणारी आणि दुकानदाराला सगळ्यात जास्त त्रासदायक चूक इथे होते: पिशवीतून डबा निघतो. पोरासाठी दहीभात, आजीसाठी थर्मासमधला दुधाचा चहा. आपल्याला वाटतं, आमचंच आहे, त्यांना काय? पण ते दही त्यांच्या चमच्याला किंवा ताटलीला लागलं तर त्यांची ती भांडी बाद होतात, आणि देखरेखीला असलेला मशगियाख धावत येतो. त्याला उद्धट समजू नका. ते त्याचं कामच आहे. बाहेरचं काहीही आत उघडू नये. मुलाला आधी खाऊ घालून न्या.

चहा-कॉफीत दूध मिळणार नाही. आइस्क्रीम, चीजकेकही नाही. कोशर पाळणाऱ्या पाहुण्याला जेवणानंतर "चला, समोर कुल्फी खाऊ" असंही म्हणू नका; मांसानंतर दूध घ्यायला अनेक घरांत सहा तास थांबतात. ठाण्याच्या मावशी मटणाच्या रश्श्यात दह्याऐवजी नारळाचं दूध का घालायच्या, हे मला फार उशिरा कळलं.

प्यायला डॉक्टर ब्राउन्सचा सोडा. क्रीम सोड्यात साय नसते, नुसता व्हॅनिलाचा स्वाद असतो, तेव्हा बिनधास्त घ्या. सेल-रे हा सेलरीच्या, म्हणजे अजमोद्याच्या बियांच्या स्वादाचा. पहिला घोट विचित्र लागतो, पास्ट्रामीच्या तिसऱ्या घासाला त्याचं कारण कळतं.

लोणचं दोन तऱ्हांचं येतं. हिरवीगार, कच्चट ती हाफ-सावर. फिक्कट, पूर्ण आंबलेली ती फुल-सावर. तेल नाही, तिखट नाही, खारातल्या कैरीच्या जवळची चव. प्रत्येक तीन-चार घासांमागे एक तुकडा. मांस आधी कोशर करताना मिठात ठेवलेलं आणि मग पुन्हा मिठवणीत मुरवलेलं असतं, त्यामुळे टेबलावरच्या मीठदाणीला हात लावायची गरज पडत नाही.

सावध: फोटो एकच काढा. खालचा काप दहा मिनिटांत रस पिऊन फाटतो. मधोमध जिथे कापलंय तिथून खायला सुरुवात करा, कडेकडून नको. वरचं मांस फारच उंच असेल तर थोडं ताटलीत काढून ठेवा. सगळे तेच करतात.

## ७. पार्सल नेताना

तयार सँडविच बांधून घेऊ नका. मांस वजनावर, पाव वेगळा, मोहरी वेगळी. मांस कापून न घेता अख्खा तुकडाच मिळाला तर आणखी चांगलं, थंड झालेले काप पुन्हा गरम करताना सुकतात.

घरी मायक्रोवेव्ह नको. खोल पातेल्यात दोन बोटं पाणी उकळा, वर चाळण, चाळणीत मांस, झाकण. काप असतील तर पाच-सात मिनिटं. अख्खा तुकडा असेल तर काटा सहज आत जाईपर्यंत, पाऊण तास ते एक तास. मध्ये पाणी आटलंय का बघत राहा. मोदकपात्र या कामाला उत्तम चालेल हे मला ठाऊक आहे. घरात शांतता हवी असेल तर त्याला हात लावू नका.

कोशर पाळणाऱ्या पाहुण्याला हे आपल्या घरी गरम करून द्यायचा बेत असेल तर थांबा. आपलं पातेलं, आपली चाळण त्याला चालत नाही, मांस कितीही चांगल्या दाखल्याचं असलं तरी. त्याच्यासाठी दुकानातूनच दुहेरी फॉइलमध्ये बंद करून मागा, घरी तसंच न उघडता ओव्हनमध्ये गरम करा, आणि फॉइल त्याच्यासमोर, त्यालाच उघडू द्या. ताटली कागदी, काटा-सुरी प्लॅस्टिकची. मावशी पुढच्या वेळी आल्या तेव्हा आम्ही असंच केलं. मोहरीची बाटली दुकानातूनच आणली होती, तरी त्यांनी चष्मा लावून आधी तिच्यावरचं चिन्ह वाचलं आणि मगच झाकण उघडलं.